फायनल हैदराबादला, भांडण श्रीगोंद्यात

इंग्लंडच्या उत्तरेला विगन आणि सेंट हेलन्स अशी दोन गावं आहेत. श्रीगोंद्यातून काष्टीला जावं, साधारण एवढंच त्यांच्यातलं अंतर. तिथली माणसं अंड्याच्या आकाराचा चेंडू काखोटीला मारून तेरा-तेरा जणांत धडका देतात, त्याला रग्बी लीग म्हणतात. ही दोन गावं चषकाच्या फायनलला समोरासमोर आली की दोन्हीकडची माणसं कामातून जातात. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. विगनात जन्मला तो विगनचा, सेंट हेलन्सात जन्मला तो सेंट हेलन्सचा. पक्ष बारशालाच ठरलेला, पुढं जन्मभर फक्त ओरडायचं काम उरतं.

आमचं तसं नव्हतं. रविवार, २१ मे २०१७ रोजी आयपीएलच्या दहाव्या हंगामाची फायनल पुणे आणि मुंबई यांच्यात लागली आणि ती श्रीगोंद्याच्या मुळावर आली. पुणं आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, मुंबई अडीचशेच्या घरात, आणि आम्ही दोन्हीकडचे नाही. आम्ही नगर जिल्ह्यातले, आणि नगरचा संघ आयपीएलमध्ये कुणी घेतलेला नाही. घेतला असता तरी मैदान जिल्ह्याच्या उत्तरेत करायचं की दक्षिणेत, या वादात दहा हंगाम निघून गेले असते. तेव्हा प्रश्न असा पडला की बाजू कुणाची घ्यायची? बाजू न घेता मॅच बघणं हा प्रकार श्रीगोंद्याला माहीत नाही. या तालुक्यात साखर कारखान्याच्या निवडणुका होतात. इथं माणूस तटस्थ राहिला तर लोक त्याची तब्येत विचारतात.

तसं पाहिलं तर पुण्याच्या विरोधात जायला आम्हाला निमित्त शोधावं लागत नाही. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे, पुणे जिल्ह्यात. तिथून निघालेला डावा कालवा पारनेरवरून श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. कागदावर. प्रत्यक्षात वरच्या अंगाला उपसा होत होत तो आमच्याकडे येईपर्यंत पाण्यापेक्षा पाण्याची बातमीच जास्त येते. आवर्तन सुटलं की आधी व्हॉट्सअॅपवर फोटो, मग पेपरात बातमी, मग पुढाऱ्याचं जलपूजन, आणि सगळ्यात शेवटी चारीला पाणी, तेही ओल म्हणण्याइतपत. घोडचं धरणही पुणे जिल्ह्याच्याच अंगाला. थोडक्यात, पुणं हेडला आणि आम्ही टेलला. आता टेलच्या माणसानं हेडच्या संघासाठी टाळ्या वाजवायच्या म्हणजे जरा जडच जातं.

म्हणून मुंबईची बाजू घ्यावी, तर आमच्या प्रत्येकाची एक ना एक फाईल मुंबईत कुठल्या तरी टेबलावर आहे. पाणी निदान उन्हाळ्यात आटतं तरी. फाईल बारमाही जागच्या जागी असते.

माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, यांनी हा पेच मंगळवारीच मांडला होता. “एकानं पाणी आडवलंय, दुसऱ्यानं कागद. आता ह्यातला कोण जिंकला म्हंजे मला बरं वाटंल, ते तूच सांग.” मी म्हटलं, “तात्या, खेळ आहे तो. खेळ म्हणून बघा.” त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुण्यात शिकलो हे त्यांना नव्यानं आठवलं असावं.

मंगळवार म्हणजे १६ मे. त्या दिवशी पुण्यानं मुंबईला तिच्याच घरी, वानखेडेवर, २० धावांनी हरवून फायनल गाठली. धोनीनं शेवटी २६ चेंडूंत नाबाद ४० केले, पाच षटकार त्यात. मुंबईला शुक्रवारी बंगळुरात जाऊन कोलकात्याला १०७ धावांत गुंडाळावं लागलं, तेव्हा कुठं ती मागच्या दारानं आत आली. त्यामुळं आमच्याकडच्या पुणेवाल्यांना मिशीवर ताव मारायला पाच दिवस मिळाले आणि मुंबईवाल्यांना जेमतेम दोन. हा फरक पुढं फार जाणवला. पाच दिवसांत पुणेवाल्यांनी इतकं बोलून घेतलं की रविवारी त्यांचे घसे बसलेले होते, आणि मुंबईवाले ताज्या दमाचे.

आता आमच्याकडं पुणेवाला आणि मुंबईवाला कोण, हे कसं ठरतं ते सांगतो. खेळाडू बघून कुणी ठरवत नाही. ते लिंबावर ठरतं.

श्रीगोंद्याचं लिंबू सगळीकडं जातं. मे महिन्यात, जेव्हा रसवंतीवाल्यापासून वऱ्हाडाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना लिंबू लागतं, तेव्हा ज्याच्या झाडाला माल आहे तो राजा असतो. हा माल कुणी पुण्याला गुलटेकडीला पाठवतो, कुणी मुंबईला वाशीला. गोण्या गेल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टी येते. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन खाली जो आकडा उरतो, त्यावर त्या शहराबद्दलचं त्या माणसाचं मत बनतं. गुलटेकडीची पट्टी चांगली आली की पुणं संस्कृतीचं माहेरघर. पडली की पेठेतली माणसं कशी चहासुद्धा विचारत नाहीत, याचे किस्से सुरू. आमच्या वस्तीवरचा एक शेतकरी शुक्रवारपर्यंत पक्का पुणेवाला होता. मोबाईलवर धोनीचा फोटो, मोटारसायकलच्या मडगार्डवर सात नंबर. शनिवारी सकाळी पट्टी आली. त्यानं ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि शांतपणे म्हणाला, “रोहित शर्मा पण तसा वाईट नाय.” दुपारपर्यंत मडगार्डवरचा सात खरवडलेला होता.

दुसरा आधार पाहुण्यारावळ्यांचा. श्रीगोंद्यातलं एक घर असं दाखवा की ज्यातला एक जण रांजणगावला, चाकणला नाहीतर हडपसरला नाही. आणि प्रत्येक घराची एखादी आत्या मुंबईकडं दिलेली असतेच. आमची घणसोलीला आहे. त्या वर्षी जिओचं नवंनवं होतं, फोनला पैसे लागत नव्हते, त्यामुळं शुक्रवारी रात्री बारा वाजता आत्याचा फोन आला. ना ख्याली ना खुशाली. “तू कुणाकडून?” मी म्हटलं, “आत्या, झोपलो होतो.” “ते राहू दे. हडपसरवाल्याकडून असशील तर आताच सांग, म्हंजे जूनमध्ये मी येताना तुझ्यासाठी काही आणत नाही.” हडपसरवाला म्हणजे तिचा सख्खा भाचा, माझा भाऊ. आई मात्र ठाम पुण्याची होती. तिचा मोतीबिंदू ससूनमध्ये निघाला होता आणि तेव्हापासून पुण्यानं काहीही केलं तरी तिला ते स्पष्ट दिसायचं. क्रिकेटमधलं तिला एवढंच कळत होतं की दोन्हीकडं मुलं उन्हातान्हात खेळतात आणि कुणी त्यांना सावलीत बसा म्हणत नाही. मॅच रात्री आठला आहे असं सांगितल्यावर ती जरा निवांत झाली.

तिसरा आधार जिल्ह्याचा अभिमान, आणि तिथंच सगळ्यात जास्त गोंधळ झाला. पुण्याकडून अजिंक्य रहाणे खेळत होता. त्याचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याचा. पुणेवाल्यांनी हा हुकमाचा पत्ता पारावर आपटला तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले. मग तात्या म्हणाले, “उत्तरेतला हाय ना? तिकडं भंडारदऱ्याचं पाणी हाय, प्रवरा हाय. त्यांना परवडतं पोरं खेळाया सोडायला.” संपला पत्ता. वर मुंबईवाल्यांनी पुरवणी जोडली की रहाणे वाढला डोंबिवलीत, रणजी खेळतो मुंबईकडून, म्हणजे तो आमचाच आहे, पुण्यानं फक्त भाड्यानं घेतलाय. जिल्ह्यातला दुसरा मोठा क्रिकेटपटू झहीर खान, तोही उत्तरेतला, श्रीरामपूरचा. त्या वर्षी तो दिल्लीचा कर्णधार होता आणि दिल्ली केव्हाच घरी गेली होती. पण झहीरबद्दल आमची तक्रार नाही. बाहेरची माणसं श्रीरामपूर आणि श्रीगोंदा यांत हमखास घोटाळा करतात, आणि आम्ही तो कधी दुरुस्त करायला जात नाही. झहीरच्या जिवावर आम्ही पुण्याच्या लग्नांत बऱ्याच वेळा पहिल्या पंगतीला जेवलो आहोत.

एक निवृत्त गुरुजी आहेत आमच्याकडं. त्यांना कुठलीही गोष्ट वहीत उतरवल्याशिवाय पटत नाही. शनिवारी सकाळी ते सलूनमध्ये वही घेऊन आले आणि त्यांनी दोन्ही संघांची शिरगणती वाचून दाखवली. मुंबईच्या संघात पांड्या बंधू बडोद्याचे, पार्थिव आणि बुमराह गुजरातचे, रायुडू तेलुगू मुलखातला, पोलार्ड आणि सिमन्स त्रिनिदादचे, मलिंगा लंकेचा, जॉन्सन ऑस्ट्रेलियाचा. मुंबईच्या मैदानावर वाढलेला असा एक रोहित, आणि त्याचाही जन्म नागपूरचा. उलट पुण्याच्या संघात रहाणे आणि पालघरचा शार्दूल ठाकूर, हे दोघे रणजीला मुंबईकडून खेळणारे. महाराष्ट्राच्या संघातला एकटा राहुल त्रिपाठी. कर्णधार स्मिथ ऑस्ट्रेलियाचा, मालक कोलकात्याचे. “म्हणजे,” गुरुजींनी चष्मा कपाळावर नेला, “मुंबईच्या संघात मुंबईकर एक आणि पुण्याच्या संघात मुंबईकर दोन. तेव्हा मुंबईचा अभिमान असणाऱ्यानं शास्त्रशुद्ध विचार केला तर पुण्याला पाठिंबा द्यायला हवा.”

सलूनमध्ये कात्रीचा आवाज थांबला. गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवलं, पण इतकी शांतता त्यांच्या वर्गात कधी झाली नसेल. मग सलूनवाला म्हणाला, “गुरुजी, दाढी करायचीय का नुसतंच बसायचंय?”

हा सलूनवाला कट्टर मुंबईवाला. तरुणपणी काही वर्षं कल्याणकडं काम केलेलं. त्याच्या दुकानात वादविवाद मोकळेपणानं चालतात असं तो सांगतो, आणि ते खरंही आहे. फक्त ज्याच्या गळ्यावर वस्तरा आहे त्यानं पुण्याची बाजू मांडलेली मी पाहिली नाही. त्याचा सिद्धांत साधा होता. मुंबई २०१३ ला जिंकली, २०१५ ला जिंकली, आता २०१७. विषम साल आलं की मुंबई. शिवाय दोन्ही फायनलला समोर धोनीचं चेन्नई होतं, म्हणजे धोनीला फायनलमध्ये धुण्याची मुंबईला सवय आहे. २०१३ ला तर मुंबई पहिल्या क्वालिफायरमध्ये चेन्नईकडून आपटली होती आणि मग फायनलला तिनं त्याच चेन्नईला आपटलं. “मंगळवारी हरली ती मुद्दाम,” असं त्यानं हळू आवाजात सांगितलं. मुद्दाम हरण्याचं कारण विचारायला माझी हिंमत झाली नाही. तेव्हा तो माझ्या हनुवटीपाशी आला होता.

पुणेवाल्यांकडं मात्र सिद्धांत नव्हता, नुसते निकाल होते. त्या हंगामात पुण्यानं मुंबईला तीनदा हरवलं होतं. घरी, गहुंजेला, स्मिथनं नाबाद ८४ करून, वानखेडेवर ३ धावांनी, आणि परत वानखेडेवर २० धावांनी. तीन मॅच, तिन्ही पुण्याच्या. यावर काय बोलणार? पण आमच्या तालुक्यात यावरही बोलता येतं. एकजण म्हणाला, तीनदा पडलेला उमेदवार चौथ्यांदा सहानुभूतीवर निघतो. हा अनुभवाचा मुद्दा होता. पारावरच्या अर्ध्या माणसांनी अशा उमेदवारांचा प्रचार केलेला होता, आणि उरलेले अर्धे ते उमेदवारच होते.

पुणेवाल्यांची खरी दुखरी नस वेगळी होती. बेन स्टोक्स. त्या वर्षीच्या लिलावात पुण्यानं त्याच्यासाठी साडेचौदा कोटी मोजले, त्यानं हंगामभर सामनेही काढून दिले, आणि बाद फेरी तोंडावर आली तेव्हा तो इंग्लंडच्या संघात हजर व्हायला निघून गेला. देशासाठी गेला, नियमानं गेला, सगळं खरं. पण ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे कसं पटावं? “एवढी उचल घेतली,” तात्या सारखे म्हणत होते, “आन् ऐन हंगामात टोळी पळाली.” त्यांना स्टोक्सचा राग नव्हता. मुकादम कोण होता, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

दुसरी नस धोनीची. हंगामाआधी त्याचं कर्णधारपद काढून स्मिथला दिलं होतं, आणि पहिल्याच मॅचनंतर मालकांच्या भावानं स्मिथची स्तुती करताना जंगलाचा राजा कोण ते दिसलं, अशा अर्थाचं काहीतरी ट्विट केलं. इथं श्रीगोंद्यात त्यावरून पुणेवाल्यांत उभी फूट पडली. एक स्मिथ गट, एक धोनी गट. दोन्ही गट मुंबईला हरवायच्या बाबतीत एक होते, पण विजयाचा फ्लेक्स लावायची वेळ आली तर मधोमध फोटो कुणाचा, यावरून शनिवारी संध्याकाळपर्यंत मिटलं नव्हतं. डिझाइनवाल्यानं शेवटी दोन फ्लेक्स बनवून ठेवले. पैसे कुणी दिले नाहीत हे सांगायला नको.

शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. लांबलांबून जनावरं येतात, आणि जनावरांपेक्षा जास्त माणसं येतात. त्या दिवशी बाजारात बैलाचे दात बघणारा माणूससुद्धा तोंड उघडलेल्या बैलाला तसंच सोडून पुण्याच्या गोलंदाजीवर बोलायला लागायचा. तिथंच पैज ठरली. हरणाऱ्या बाजूनं बोकड द्यायचा. आता पैज फायनलनंतर फेडायची असते हे मला ठाऊक होतं, पण आमच्या लोकांचा एकमेकांवर विश्वास किती, हेही ठाऊक होतं. त्यामुळं दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे पैसे घालून बोकड तेव्हाच घेतला, आणि जो हरेल त्यानं दुसऱ्याचे निम्मे परत करायचे, असा करार झाला. प्रश्न आला, रविवार रात्रीपर्यंत बोकड ठेवायचा कुणाकडं? पुणेवाल्याच्या दावणीला मुंबईवाले बांधू देईनात, मुंबईवाल्याच्या दावणीला पुणेवाले. तेव्हा एकमुखानं तात्यांचं नाव पुढं आलं. दोन्ही शहरांवर अगदी सारखाच राग असलेला एवढा एकच माणूस तालुक्यात होता.

तात्यांनी जबाबदारी घेतली आणि बोकडानं रातोरात त्यांच्या लिंबाच्या चार रोपांचा पाला ओरबाडला. सकाळी तात्या म्हणाले, “जिंकू दे कुणीबी, पर लवकर जिंकू दे.” तोवर बोकडाच्या एका शिंगाला निळी फीत आणि दुसऱ्याला जांभळट गुलाबी फीत बांधून झाली होती. पुण्याच्या त्या वर्षीच्या रंगाला नक्की काय म्हणायचं यावर एकमत नव्हतं. कापडवाल्यानं त्याला वांगी रंग म्हटलं आणि शर्टाचं कापड म्हणून नव्हे तर ब्लाउजपीस म्हणून दिलं. पुण्याचे तीन-चार समर्थक रविवारी तेच खांद्यावर टाकून फिरत होते. मुंबईवाल्यांचं सोपं होतं, निळा शर्ट प्रत्येकाकडं असतोच. शिवाय एकाकडं शाळेचा गणवेशही होता.

रविवारी दिवसभर काहीच झालं नाही, आणि तेच बघण्यासारखं होतं. एरवी दुपारी आंब्याच्या रसानंतर अख्खा गाव आडवा होतो. त्या दिवशी कुणी झोपलं नाही, कुणी कामालाही गेलं नाही. नुसते या ओट्यावरून त्या ओट्यावर. तेच तेच मुद्दे, तेच तेच वाद. लग्नसराई होती, संध्याकाळचं एक लग्नही होतं. तिथं मंगलाष्टका इतक्या झपाट्यानं उरकल्या की ‘सावधान’ म्हणेपर्यंत अक्षता आधीच पडून गेल्या होत्या. मंडपवाल्यानं मात्र डोकं चालवलं. वधूवरांच्या मागचा पांढरा पडदा काढून त्यानं वेशीपाशी ताणला आणि वर प्रोजेक्टर लावला. पडद्यावर एका कोपऱ्यात थर्माकोलचं ‘चि. सौ. कां.’ तसंच राहिलं होतं. रात्रभर जो गोलंदाज त्या बाजूनं धावत यायचा, तो आधी चि. सौ. कां. व्हायचा.

भांडण पुण्या-मुंबईचं आणि मैदान हैदराबादचं, कारण आदल्या वर्षीचा चषक हैदराबादनं नेला होता आणि गतविजेत्याच्या घरी फायनल करायची पद्धत. तात्यांना यात काही गैर वाटलं नाही. त्यांनी मला २०१६ ची आठवण करून दिली. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागत होतं, तेव्हा दुष्काळामुळं मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. पुण्यानं विशाखापट्टणमला घर केलं आणि मुंबईनंही विशाखापट्टणमलाच. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे एकाच वाड्यात भाडेकरू. “त्या वक्ताला मॅची बंद केल्या, पाणी वाचलं,” तात्या म्हणाले. “मंग वाचलेलं पाणी कुठं गेलं? आमच्याकडं तर आलं नाय.” हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की मला वाटलं, नाणेफेकीला रवी शास्त्री हाच विचारतील.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. म्हणजे निम्मे समर्थक पडद्यासमोर आणि निम्मे रानात, दाऱ्यावर. रानातल्यांना मोबाईलवर मॅच दिसत होती, पण विहिरीच्या मातीच्या ढिगावर उभं राहिलं तरच रेंज. आणि मोबाईलवरची मॅच टीव्हीच्या मागं चालायची. त्यामुळं आधी गावाकडून आरडाओरडा ऐकू यायचा, मग ढिगावरचा माणूस श्वास रोखून उभा राहायचा, की हा आवाज आपल्यांचा की त्यांचा? तोवर वाफा फुटून पाणी शेजारच्याच्या उसात गेलेलं असायचं. शेजारी त्या वर्षी दोन्ही संघांचे आभार मानत होता.

मॅचबद्दल फार सांगत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना पाठ आहे, ज्यांनी नाही पाहिली त्यांना पटणार नाही. मुंबई पंधराव्या षटकात ७ बाद ७९. पुणेवाल्यांनी तिथंच निम्मे फटाके वाजवून टाकले, आणि वांगी ब्लाउजपीस हवेत उडाले. मग कृणाल पांड्यानं ४७ काढले आणि मुंबई कशीबशी १२९ ला पोचली. १३० म्हणजे किस झाड की पत्ती, असं म्हणत पुणेवाले जेवायला गेले. परत आले तेव्हा रहाणे ४४ करून गेला होता. नगर जिल्ह्याचं काम त्यानं चोख केलं, एवढं दक्षिणेतल्यांनीही मान्य केलं. मग धोनी १० वर गेला. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या. मनोज तिवारीनं पहिल्याच चेंडूवर जॉन्सनला चौकार मारला, दुसऱ्यावर तो गेला, तिसऱ्यावर ५१ करणारा स्मिथ गेला. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन पळून झाल्या, तिसरीला रनआऊट. मुंबई एका धावेनं जिंकली.

त्यानंतर वेशीपाशी जो आवाज झाला त्यानं बोकड दावं तोडून पळाला. मुंबईवाले नाचत होते, पुणेवाले डोकं धरून बसले होते, आणि तात्या बॅटरी घेऊन अंधारात दोन फितींचा बोकड शोधत होते. सापडला तो पहाटे, शेजारच्याच त्या भिजलेल्या उसात.

सोमवारी पैज फेडायची वेळ आली तेव्हा पुणेवाले एका जागी बसले आणि त्यांनी बचाव तयार केला. एका धावेला पराभव म्हणता येत नाही. कालव्यात पाणी सोडताना वरून किती सुटलं आणि खाली किती पोचलं, यात वहनव्यय धरतात. मग हैदराबादहून श्रीगोंद्यापर्यंत येईस्तोवर एक धाव वहनव्ययात गेली असं धरायला काय हरकत आहे? तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पुण्याच्या बाजूनं मान डोलावली. मुंबईवाल्यांनी अर्थातच हे फेटाळलं. बोकडाचं दोन्हीकडून थोडं थोडं खाणं वाढत गेलं, आणि शेवटी आखाड लागल्यावर तो कापला गेला, तोही खर्च निम्मा-निम्मा वाटून. आळणी चांगलं झालं होतं. पुणेवाल्यांकडून मुंबईवाल्यांना परत यायचे पैसे तेवढे राहिले.

ते आजही राहिलेत. कारण फायनलनंतर पुण्याचा तो संघच संपला. दोन वर्षांचा करार होता, तो सरला. संघच नाही तर कर्ज कुणाचं, असा पुणेवाल्यांचा सवाल. त्यात २०१८ ला चेन्नई परत आली, आणि तिकडं कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं म्हणून चेन्नईचे उरलेले घरचे सामने गहुंजेला आणले. मुंबई उच्च न्यायालयानं मैदानासाठी पवनेचं पाणी घ्यायला मनाई केली ती निराळीच. तात्यांना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ हिशेब करत राहिले. पाण्यावाचून मॅच इकडून गेली, पाण्यावरून मॅच इकडं आली. “मग आता धोनी आलाच हाय,” ते म्हणाले, “तर त्याला म्हनावं एक आवर्तन टेलपर्यंत सोडून जा.”

ते आवर्तन काही सुटलं नाही. पण धोनीचं चेन्नई २०१८ चा चषक जिंकलं, आणि आमचे पुणेवाले, जे एव्हाना पिवळे झाले होते, मुंबईवाल्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. घरचे सामने पुण्यात खेळून जिंकलेला चषक पुण्याचाच. तेव्हा २०१७ चं देणं मिटलं, उलट एक बोकड आमचाच येणं निघतो. प्रकरण तंटामुक्ती समितीपुढं गेलं. समितीनं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निकाल राखून ठेवला, कारण समितीचे अध्यक्ष तोच सलूनवाला, आणि त्याच्याकडं दाढी करायचं पुणेवाल्यांनी तेव्हापासून बंद केलं आहे.